भिंतीकडचा बोल्ट

गिरणीवाल्या काकूंच्या संसारात दोन यंत्रे होती. एक पिठाची गिरणी आणि दुसरी, गिरणीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमधली जुनी मोटार. गिरणीवर काकूंचे पोट चालत असे आणि मोटारीमुळे त्यांचे डोके ठिकाणावर राहत असे. हे दुसरे विधान वाचून कोणालाही नवल वाटेल, म्हणून त्याचा खुलासा आधी करणे योग्य होईल.

सकाळी गिरणीचा पट्टा फिरू लागला की त्या खोलीत कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येत नसे. गिऱ्हाईक बोलत नसे, ओरडत असे. "काकू, बारीक हं!", "काकू, मागच्या खेपेला जाड आलं होतं!", "काकू, माझा डबा आधी लावलाय, ही बाई मधेच घुसली!" काकूही ओरडूनच उत्तर देत. पुढे पुढे ती सवय इतकी अंगात मुरली की घरी त्यांनी मांजराला हाक मारली तरी शेजारचे दार उघडून कोणीतरी "आलो, आलो" म्हणत असे. म्हणून दुपारी गिरणी थांबवली की काकू पदराने चेहऱ्यावरचे पीठ पुसत शेडमध्ये जात, मोटारीचे दार उघडून आत बसत, चारही काचा वर करत आणि दार ओढून घेत. गाडी त्या सुरू करत नसत. कुठे जातही नसत. फक्त बसत. आत कोणी त्यांना "बारीक" म्हणत नसे. गल्लीने त्या मोटारीला "काकूंची खोली" असेच नाव ठेवले होते. "काकू कुठे गेल्या?" असे कोणी विचारले तर "खोलीत" एवढे उत्तर पुरत असे.

ही खोली आता हातची जाण्याची वेळ आली होती.

त्याचे कारण असे की काकूंचे जावई विमा कंपनीत अपघातग्रस्त गाड्यांची तपासणी करत. रोज चेपलेल्या, जळालेल्या आणि उलट्या पडलेल्या गाड्या पाहून त्यांची अशी ठाम समजूत झाली होती की जुनी गाडी म्हणजे अजून न झालेला अपघात. त्यात मध्यंतरी काकूंची मोटार भर चौकात बंद पडली आणि चारी बाजूंच्या वाहनांनी एका सुरात भोंगे वाजवले. ही बातमी काकू घरी पोहोचण्याआधी लेकीकडे पोहोचली.

"आई, पुरे झालं आता," लेक फोनवर म्हणाली. "सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नसते."

"म्हणून नाही विचारलं."

मायलेकींची बरीच बोलाचाली झाली. काकूंचा आवाज मूळचाच गिरणीतला असल्यामुळे लेकीला फोन कानापासून लांब धरावा लागला. शेवटी तडजोड निघाली. रविवारी जावईबापूंनी गिरणीवर यावे, काकूंच्या शेजारच्या सीटवर बसावे आणि काकूंनी गाडी चालवत टेकडीपलीकडच्या लेकीच्या घरी न्यावी. कोणी न ढकलता आणि कशाने न ओढता गाडी फाटकापर्यंत आली, तर ती काकूंकडे राहील. नाही तर सोमवारी भंगारात.

काकूंनी विचार केला की लांबच्या वाटेला निघण्याआधी गाडीचे तेल बदलले पाहिजे. यजमान हयात होते तेव्हा हे काम ते करत आणि काकू हातातल्या बॅटरीचा उजेड धरत. यजमान गेल्यावर एकदा मिस्त्रीने तेल बदलले, पण यंत्राला परका हात लागलेला काकूंना सोसत नसे. गिरणीचे वंगण त्या स्वतःच्या हाताने घालत. मग मोटारीने काय घोडे मारले होते?

त्या सुट्या भागांच्या दुकानात गेल्या. दुकानात जमिनीपासून छतापर्यंत तेलाचे डबे रचलेले होते आणि त्यांच्या मधल्या फटीतून दुकानदाराचे डोके दिसत होते.

"जावई म्हणतात, सगळ्यात पातळ आणि सगळ्यात नवं तेल घे," काकू म्हणाल्या. दुकानदाराने दचकून दोन्ही हातांनी डबे सावरले.

"काकू, हळू बोला, रास कोसळेल. गाडी कोणत्या सालची?"

"लेकीच्या जन्माआधीची."

"मग जावयांचं ऐकू नका. पातळ तेल नव्या इंजिनाला. तुमच्या इंजिनातले भाग झिजून त्यांच्यात फटी पडल्यात. पातळ तेल त्या फटींतून वर जाणार, जळणार आणि धूर काढणार. गाडी बनवणाऱ्यांनी या गाडीला वीस-पन्नासच सांगितलंय. पहिला आकडा गारठ्यात तेल किती वाहतं त्याचा, दुसरा इंजिन तापल्यावर किती जाड राहतं त्याचा."

"आकडे राहू देत. उघडून दाखवा."

"सीलबंद डबा आहे, काकू!"

"मी कधी पीठ बांधून दाखवते का? चिमटीत घेऊन बघा म्हणते आणि मग डबा भरते."

मागे हेल्मेट हातात धरून उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "द्या हो दाखवून. नाही तर आमचा नंबर उद्या लागेल."

दुकानदाराने निरुपायाने सुटी तेले विकण्यासाठी फोडलेले दोन डबे पुढे केले. काकूंनी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पहिल्या तेलात बुडवली, डोळे मिटले आणि बोटे एकमेकांवर चोळली. पिठाची पारख त्या अशाच करत.

"हे तर निसटलं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "याच्या भरवशावर टेकडी चढायची?"

मग त्यांनी दुसरे तेल चोळले. या वेळी जरा जास्त वेळ गेला. हेल्मेटवाल्या गृहस्थाने श्वास रोखून धरला होता.

"हे बोटाला धरून राहतं. हेच द्या."

"तेच तर मी सांगत होतो, वीस-पन्नास!" दुकानदार म्हणाला.

"तुम्ही आकडे सांगत होतात," काकू म्हणाल्या आणि डबा काखेत मारून निघाल्या.

येथवर सर्व ठीक झाले. तेलाची निवड अचूक होती, हे पुढे प्रत्येकाने मान्य केले. घोटाळा झाला तो बोल्टात.

शेडच्या एका बाजूला गिरणीची भिंत होती आणि दुसरी बाजू अंगणाकडे उघडी होती. यजमान गाडीखाली शिरले की म्हणत, "उजेड भिंतीकडच्या बोल्टावर धर. दुसरा आपल्या कामाचा नाही." काकूंनी ते शब्द मनावर कोरून ठेवले होते. मात्र यजमानांना गाडी मागे घेत शेडमध्ये घालण्याची हौस होती, त्यामुळे तिचे तोंड रस्त्याकडे असे. काकूंना गाडी मागे घेणे मुळीच आवडत नसे. आरशात पाहून चालवणे म्हणजे पाठीकडून जेवण्यासारखे आहे, असे त्या म्हणत. म्हणून त्या गाडी सरळ तोंडाकडून आत घालत. अशा रीतीने गाडीची दिशा फिरली आणि तिच्याबरोबर पोटाखालचे दोन्ही बोल्टही फिरले. भिंत मात्र जागची हलली नाही, आणि काकूंची श्रद्धा भिंतीवर होती.

गिरणीतून बाद झालेल्या दळणाच्या दोन दगडांवर काकूंनी गाडीची पुढची चाके चढवली, मागच्या चाकांना विटांचा अडसर लावला, जुने पोते अंथरले आणि त्या गाडीखाली शिरल्या. भिंतीकडचा बोल्ट घट्ट होता. काकूंनी पान्याला आधी प्रेमाने, नंतर रागाने आणि शेवटी पायाने समजावले, तेव्हा तो सुटला आणि तेलाची धार परातीत पडू लागली.

धार पाहून काकू थक्क झाल्या. यजमानांच्या वेळी तेल काजळीसारखे निघत असे. हे मधासारखे सोनेरी होते. त्यांनी पोत्यावर पडल्या पडल्या ते चिमटीत चोळले. दाट होते, स्वच्छ होते. वास तेवढा उग्र होता, पण इतके दिवस पोटात राहिलेल्या वस्तूला वास येणारच, असे काकूंनी मनाशी म्हटले. नेहमीपेक्षा तेल कमी निघाले. त्याचाही खुलासा त्यांच्यापाशी तयार होता: म्हातारपणी भूक वाढते, गाडीने थोडे पिऊन टाकले असेल.

त्यांनी बोल्ट लावला, बॉनेट उघडले आणि इंजिनाचे झाकण काढून नवा डबा पूर्ण ओतला. मग तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेल वरच्या खुणेच्या पार वर गेलेले होते. दुसऱ्या कोणालाही येथे शंका आली असती. परंतु काकूंनी जन्मभर गिऱ्हाइकाला शिगोशीग मापाने पीठ दिले होते. काठाला माप थांबवणे हे त्यांच्या लेखी कंजूषपणाचे लक्षण होते. "खा पोटभर," त्या गाडीला म्हणाल्या आणि पट्टी परत खोवली.

काढलेले तेल त्यांनी काचेच्या बरणीत भरून गिरणीच्या काउंटरवर मांडले. दोन दिवस ती बरणी हे गल्लीतले प्रेक्षणीय स्थळ झाले.

"हे जुनं तेल?" पेन्शनर आजोबांनी चष्मा वर करून विचारले. ते दळण घेऊन येत आणि पीठ झाले तरी जात नसत.

"दोन वर्षं इंजिनात होतं!" काकू ओरडल्या.

"अहो, माझ्या नव्या गाडीचं सहा महिन्यांत डांबर होतं!"

"इंजिन स्वच्छ हवं, आजोबा. मन स्वच्छ असलं की झालं, तसंच आहे ते!"

आजोबा इतके भारावले की त्यांनी आपल्या गाडीचे ठरलेले तेल बदलण्याचे काम रद्द केले. "दोष तेलात नाही, माझ्या चालवण्यात आहे," असे ते घरी जाऊन सांगू लागले. दुसऱ्या एका बाईंनी ते तेल केसांना चालेल का, अशी चौकशी केली. काकूंनी नकार दिला, पण त्यांना मनातून बरे वाटले.

रविवारी जावईबापू आले. त्यांच्या घरी जुळी मुले झाली होती आणि दोन्ही मुलांनी आळीपाळीने रडण्याचा उत्तम बंदोबस्त ठेवला होता. त्यामुळे जावईबापूंचे डोळे लाल होते आणि शर्टाची गुंडी एक घर चुकून लागलेली होती. तरी कर्तव्यात कसूर नको म्हणून त्यांनी गाडीला एक फेरी मारली, टायरांवर बोट आपटले आणि सीटवर बसून पट्टा ओढला.

"आई, मनात काही धरू नका हं. तुमच्या काळजीपोटीच हे सगळं."

"धरलं नाहीये. काच वर करा."

गाडी सुरू झाली आणि गल्लीच्या टोकापर्यंत झोकात गेली. त्यानंतर मागून निळसर पांढरा धूर निघू लागला. आधी तो उदबत्तीएवढा होता. बाजारपेठेत शिरेपर्यंत त्याने मनावर घेतले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या धडाधड बंद होऊ लागल्या, कारण लोकांना डासांच्या फवारणीची गाडी आली असे वाटले. एक बाई तर गच्चीवरून ओरडली, "आमच्या मागच्या गटारावर पण मारा हो! नेहमी विसरता!"

"आई," जावईबापू आरशात पाहत म्हणाले, "मागे रस्ता दिसत नाही."

"मागे कशाला बघता? आपल्याला पुढे जायचंय."

"मघाशी मागे एक सायकलवाला होता. तो गेला कुठे?"

"वळला असेल."

सायकलवाला वळला नव्हता. तो पुढच्या चौकात धुरातून बाहेर आला आणि त्याने मूठ उगारून दाखवली. काकूंनी त्याला हात हलवून नमस्कार केला. गाडी मात्र नेहमीसारखी ओढत नव्हती, जड झाली होती. तरी त्यांनी टेकडी चढवली. माथ्यावरून पलीकडची वस्ती दिसू लागली आणि त्या वस्तीत लेकीच्या घराची गच्चीही दिसली. गच्चीवर जुळ्यांची दुपटी वाळत घातलेली होती. उतार लागला. आता जिंकल्यात जमा होते.

तेवढ्यात काकूंच्या कानावर एक आवाज आला.

जावईबापूंना तो धुरापुढे किरकोळ वाटला. पण काकूंनी तो ओळखला. गिरणीच्या वरच्या डब्यातले दाणे संपले आणि दगड नुसताच दगडावर फिरू लागला की अशी कोरडी किंचाळी निघते. ती ऐकल्यावर काकू हातातला घास टाकून पट्टा बंद करायला धावत, कारण तसे थोडा वेळ जरी फिरू दिले तरी दगड एकमेकांना खाऊन टाकतात. आता तीच किंचाळी त्यांच्या पायांच्या पुढून येत होती.

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेच्या उंचवट्यावर घातली आणि किल्ली फिरवून बंद केली.

"हे काय? थांबलात का?" जावईबापू दचकून म्हणाले. "ते बघा, घर दिसतंय!"

"दिसतंय."

"उतार आहे. पाच मिनिटांत पोहोचू."

"गाडीत कुठेतरी दाणे संपलेत."

"दाणे?"

"काहीतरी कोरडं फिरतंय, जावईबापू. इंजिन नाही, त्याच्या शेजारचं."

जावईबापूंनी काकूंकडे निरखून पाहिले. "आई, अट लक्षात आहे ना? इथून ओढून न्यावी लागली तर सोमवारी..."

"सगळं लक्षात आहे." काकू प्रथमच हळू आवाजात बोलल्या आणि तो आवाज त्यांच्या तोंडून इतका अनोळखी वाटला की जावईबापू ऐकतच राहिले. "ती अशी किंचाळत असताना फाटकापर्यंत नेली, तर फाटकात पोहोचेल ते भंगारच असेल. मग मी जिंकून काय जिंकलं? हरले तर हरले. माझ्या हाताने तिला मारणार नाही."

जावईबापूंच्या फोनमध्ये मिस्त्री लोकांचे नंबर भरपूर होते. त्यांनी जवळच्या एका मिस्त्रीला बोलावले, काय झाले ते सांगितले आणि फोन ठेवला. इंजिन बंद, काचा वर, दारे लावलेली. टेकडीवर वर्दळही नव्हती.

"काय शांत आहे हो इथे," जावईबापू म्हणाले. "इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला माझा..."

वाक्य तेथेच राहिले. त्यांची हनुवटी छातीवर टेकली आणि ते गाढ झोपी गेले.

मिस्त्री स्कूटरवर दोन डबे आणि नळी अडकवून आला. काकूंनी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केले आणि खुणेने बाहेर बोलावले. दोघांचे पुढचे बोलणे कुजबुजत झाले. काकूंना कुजबुजण्याची सवय नसल्यामुळे त्यांची कुजबुज साधारण माणसाच्या बोलण्याएवढी होती, पण जावईबापू हलले नाहीत.

मिस्त्रीने खाली वाकून पाहिले, पट्टी काढून पाहिली आणि पुन्हा खाली पाहिले.

"तेल कोणी बदललं?"

"मी. का?"

"निघालं ते कसं होतं?"

"सोन्यासारखं! दाट, स्वच्छ. वास जरा उग्र..."

मिस्त्री रस्त्यावर उकिडवा बसला आणि त्याने आपले तोंड कोपरात दाबून धरले. त्याचे खांदे हलत होते.

"रडता कशाला?" काकूंनी घाबरून विचारले. "गेली का ती?"

"रडत नाही, काकू." त्याने डोळे पुसले. "ते गिअरबॉक्सचं तेल होतं. इंजिनाचं काळंभोर जुनं तेल आहे तिथेच आहे आणि तुम्ही त्याच्यावर सगळं नवं ओतलंय. म्हणून धूर. आणि गिअरबॉक्स ठणठणीत कोरडा. बोल्ट चुकला."

"चुकणार कसा? भिंतीकडचाच उघडला!"

"कोणत्या भिंतीकडचा?"

काकूंनी हवेत दोन्ही हातांनी शेड उभी केली, भिंत दाखवली, यजमानांची गाडी मागे घेत आत घातली आणि मग स्वतःची तोंडाकडून घातली. तोंडाकडून घालताना त्यांचे हात हवेतच थांबले.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "आणि ती बरणी मी सगळ्या गल्लीला दाखवली."

मिस्त्री पुन्हा उकिडवा बसला.

पण माणूस कामाचा होता. उंचवट्यामुळे गाडीची एक बाजू वर आलेलीच होती. त्याने इंजिनातले सर्व तेल डब्यात काढले, योग्य जाडीचे नवे तेल खुणेपर्यंत भरले आणि काकू "अजून थोडं घाला की" म्हणाल्या तेव्हा डबा पाठीमागे लपवला. मग नळीने गिअरबॉक्समध्ये त्याचे तेल घातले. गाडी सुरू करून त्याने कान लावला, काकूंनीही लावला. किंचाळी बंद झाली होती.

"वेळेवर थांबलात," मिस्त्री म्हणाला. "खाली घरापर्यंत नेली असती तर आतले गिअरचे दात गेले असते."

काकूंनी हळूच गाडी उतारावर घातली. जावईबापू झोपेतच एका बाजूला कलले. फाटकात लेक दोन्ही खांद्यांवर एकेक मूल घेऊन उभी होती आणि दोन्ही मुले रडत होती. त्या आवाजाने जावईबापू खडबडून जागे झाले.

"पोहोचलो?" त्यांनी विचारले.

"पोहोचलो," काकू म्हणाल्या. त्यांना गप्प बसता आले असते. एकमेव साक्षीदार झोपलेला होता. तरीही गाडीतून उतरण्याआधीच त्यांनी भिंत, बोल्ट, बरणी आणि मिस्त्री असा सर्व वृत्तान्त गिरणीतल्या आवाजात सांगून टाकला. तो शेजारच्या तीन घरांनाही आपोआप कळला.

"म्हणजे वाटेत बंद पडली," लेक म्हणाली.

"बंद पडली नाही. मी बंद केली."

"एकच ते, आई. तुम्हीच सांगा हो हिला. तुम्ही होतात ना सोबत?"

जावईबापूंनी डोळे चोळले, आपली चुकलेली गुंडी पाहिली आणि कचेरीतला आवाज काढला. "गाडी कोणी ढकलली का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"कशाने ओढली का?"

"नाही."

"मग दावा मंजूर. शिवाय जो चालक आवाज ऐकून हातातली पैज सोडतो आणि थांबतो, त्याच्या गाडीचे फोटो काढायची वेळ माझ्यावर सहसा येत नाही. भंगारवाल्याला नको म्हणून कळव."

लेकीने एक मूल नवऱ्याच्या आणि दुसरे आईच्या खांद्यावर दिले. तिच्यापुरता हा निकाल तिने एवढ्यावरच स्वीकारला.

सोमवारी काकूंनी बरणी काउंटरवरून उचलली आणि ज्यांना ज्यांना ती दाखवली होती त्यांना एकेकाला खरे काय ते सांगितले. पेन्शनर आजोबा तर दळण तसेच टाकून तेल बदलायला पळाले.

गाडी राहिली. परंतु त्या रविवारपासून जावईबापू दर आठवड्याला "तेलाची तपासणी" करण्यासाठी गिरणीवर येऊ लागले. तपासणीची पद्धत अशी की ते पट्टी काढून पाहत, ती पुसून परत खोवत, मग गाडीत बसत, चारही काचा वर करत आणि दार ओढून घेत. काकू दुपारी पीठ पुसत शेडमध्ये येत तेव्हा चालकाच्या सीटवर जावईबापू तोंड उघडे टाकून झोपलेले असत. काकू काचेवर बोट वाजवत.

"अहो जावईबापू, झाली का तपासणी?"

आतून जावईबापू डोळे न उघडता पंजा हलवत. अजून थोडी बाकी आहे, असा त्याचा अर्थ.

दोन-तीन रविवार काकूंनी बाहेर उभे राहून काढले. चौथ्या रविवारी त्यांनी दार उघडले.

"मागच्या सीटवर चला."

"तिथे पाय लांब होत नाहीत, आई."

"दुमडून घ्या. आणि घोरायचं नाही."

"घोरणं काय माझ्या हातात आहे?"

"मग तोंड सीटच्या पाठीकडे करा. माझ्या कानाशी नको."

जावईबापू उशी घेऊन मागे गेले. काकू पुढे बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतले.